चीडचं रोप दर पावसाळ्यात का दगावतं?

रानीखेत, कसौली नाहीतर लॅन्सडाउनहून परतणाऱ्या आपल्याकडच्या माणसाच्या बॅगेत एक तरी पाइनकोन असतोच. काहींच्या बॅगेत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोपही असतं. कोन शोकेसमध्ये जातो, रोप कुंडीत. आणि पुढच्या पावसाळ्यात, फार तर त्याच्या पुढच्या, कुंडीत एक वाळकी काडी उरते. मग पुन्हा कोणीतरी तिकडे जातं, पुन्हा रोप येतं, पुन्हा काडी. माझ्याकडे हे तीनदा झालं. हिंदीत या पाइनला चीड म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा जो अर्थ आहे तो मला तिसऱ्या खेपेला पुरेपूर कळला.

चौथं रोप जगलं आहे, पुण्यातल्या गच्चीवरच. मधल्या वर्षांत काय काय चुकलं ते लक्षणांच्या क्रमानं लिहितो आहे. तुमच्या रोपाला जे झालंय तिथपासून वाचलंत तरी चालेल, फक्त पहिले दोन भाग सोडू नका. बहुतेक घोटाळा तिथेच आहे.

आधी झाड कुठलं ते बघा

ऐकायला बाळबोध वाटेल, पण "माझं पाइन मेलं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे पाइन नसतंच. नर्सरीत डिसेंबरमध्ये 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं, मजल्यांसारख्या समान फांद्यांचं, ते अरोकॅरिया. ते दक्षिण गोलार्धातलं झाड आहे, पाइनशी त्याचं नातं दूरचं. कोकणच्या किनाऱ्यावर असतो तो सुरू. त्याची लांब हिरवी 'सुई' दोन्ही हातांनी ओढून पाहा, पेराला पेर सुटत जातं. ती सुई नसतेच, ती सांध्यासांध्यांची बारीक डहाळी असते. खऱ्या पाइनची सुई अशी सुटत नाही.

पाइन ओळखायला सुया मोजायच्या. फांदीवरचा एक झुपका बुडाशी धरून हळूच ओढा आणि त्यात किती सुया आहेत ते बघा. तीन असतील आणि त्या वीतभर किंवा त्याहून लांब, लोंबत्या असतील तर तो चीड. पाच असतील, निळसर झाक असेल तर तो कैल, त्याला ब्लू पाइन म्हणतात. तीनच, पण आखूड आणि ताठ असतील, खोडाची साल पोपडे सुटून राखाडी-हिरवी ठिपकेदार दिसत असेल, तर तो चिलगोजा. पण तो दिसायला तुम्हाला हिमाचलातल्या किन्नौरसारख्या कोरड्या दऱ्यांमध्येच जावं लागेल. आणि एकेका खुंटीवर वीस-तीस आखूड सुयांचा चवरीसारखा झुपका असेल तर तो देवदार, म्हणजे पाइन नव्हेच. देवदाराची आणखी एक खूण आहे. त्याचा कोन झाडावर उभा राहतो आणि तिथेच खवला खवला सुटून मोडतो. खाली पडतं ते फक्त टोक, लाकडी गुलाबासारखं दिसणारं. म्हणून झाडाखाली अख्खा कोन सापडला आणि कोणी सांगितलं की हा देवदाराचा, तर हसून सोडून द्यायचं.

ही ओळख एवढ्यासाठी की या चौघांचं औषध एक नाही. कैल, चिलगोजा आणि देवदार ही वरच्या थंडीची झाडं. महाराष्ट्राच्या सपाटीवर त्यांच्या मागे लागू नका, असंच मी सांगेन. त्यांना लागणारी लांब, खरी थंडी आपल्याकडे नाही आणि फ्रीजमध्ये कुंडी मावत नाही. चीडची गोष्ट मात्र वेगळी आहे. पुढचं सगळं चीडबद्दल.

तो राहतो कुठे, आणि आपण त्याला ठेवतो कुठे

माझी पहिली तीन रोपं गेली ती याच एका गैरसमजापायी. हिमालयातलं झाड म्हणजे थंडीतलं झाड, असं मी धरून चाललो. त्याला पूर्वेच्या बाल्कनीत सावलीत ठेवलं. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी बांधली. सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, शिवाय पानांवर फवारा. एक रोप तर मे महिन्यात एसीच्या खोलीत मुक्कामाला होतं. घरच्यांनी त्यावरून काय काय ऐकवलं ते लिहीत नाही.

नंतर उत्तराखंडात अल्मोड्याच्या बाजूला एका छोट्या नर्सरीत त्या मेलेल्या रोपाचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. नर्सरीवाले साठीचे, तिकडच्या रीतीनं मी त्यांना दाज्यू, म्हणजे दादा, म्हणायचो. त्यांनी फोटो मोठा करून रोपाकडे पाहिलंच नाही, मागची हिरवी जाळी पाहिली आणि विचारलं, "छाया में काहे रखा इसको?"

तिथल्या डोंगरांच्या पायथ्याचं काठगोदाम साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ पुण्याइतकंच. तिथून गाडी अल्मोड्याच्या रस्त्याला लागली की थोड्याच वेळात चीड दिसायला लागतो. हिमालयात तो साधारण ४५० मीटरपासून २,३०० मीटरपर्यंत सापडतो, पाकिस्तानपासून नेपाळवरून भूतानपर्यंत. म्हणजे हिमालयातल्या पाइनमध्ये सगळ्यात खालचा, सगळ्यात उन्हाळी असा हा गडी. बर्फ त्याला फक्त त्याच्या वरच्या काठावर भेटतं. डेहराडूनला मे-जूनमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तिथेही तो उभा असतो.

उंचीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे उताराची दिशा. कुमाऊंत, म्हणजे अल्मोडा-नैनीतालच्या त्या भागात, एखाद्या डोंगराला वळसा घालून चालत गेलात तर अंगावरच्या कपड्यांवरून कळतं. दक्षिणेकडचा उतार तापलेला, कोरडा, पायाखाली सुया सटकतात, जाकीट काढून कमरेला बांधावं लागतं. तो चीडचा. वळण ओलांडून उत्तरेच्या बाजूला गेलात की गारवा, ओलसर काळी माती, शेवाळलेले बुंधे, जाकीट पुन्हा अंगात. ते बांजचं, म्हणजे तिथल्या ओकचं जंगल. दोन्हींत अंतर पन्नास पावलांचं. चीडला डोक्यावर सावली खपत नाही. मोठ्या झाडाखाली त्याचं पिल्लू वाढत नाही, जिथे दरड कोसळून किंवा आग लागून जागा उघडी पडते तिथे ती झुंडीनं उगवतात.

मी त्याला बांजची जागा दिली होती आणि वर पाणी पाजत होतो.

तेव्हा पहिला उपाय, बाकी काही न बदलता करण्यासारखा: कुंडी दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या उघड्या उन्हात न्या. दिवसात सहा तास तरी थेट ऊन हवं. सावलीत वाढलेलं रोप एकदम मे महिन्याच्या उन्हात ढकलू नका, आठ-दहा दिवस थोडं थोडं सरकवा. पण जाळी काढाच.

बी रुजतच नाही

शोकेसमधल्या कोनातून बी काढायला बसलेले लोक मी पाहिलेत, त्यांत मीही होतो. जमिनीवर पडलेला, खवले उघडलेला कोन म्हणजे रिकामी पेटी. चीडच्या कोनाला पिकायला सुमारे दोन वर्षं लागतात. तो उन्हाळ्याच्या तापात, साधारण एप्रिल ते जूनमध्ये उघडतो आणि पंखवालं बी वाऱ्यावर भिरभिरत निघून जातं. आपल्या हाती येतो तो त्यानंतरचा सांगाडा. गंमत म्हणून तोच कोन बादलीभर पाण्यात टाकून ठेवा, काही तासांत खवले घट्ट मिटतात. पुन्हा उन्हात ठेवा, पुन्हा उघडतात. मेलेल्या लाकडाची हालचाल आहे ती. त्यामुळे मिटलेला कोन म्हणजे भरलेला कोन, असंही समजू नका. तो नुसता पावसात भिजलेला असू शकतो.

राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही उचलून आणणं कायद्यात बसत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. बी किंवा रोप नर्सरीतूनच घ्या.

बी ताजं असेल तर चीड फार आढेवेढे घेत नाही. कैलच्या बियांना ओल्या वाळूत थंडावा देऊन ठेवतात तसं याला लागत नाही. रात्रभर पाण्यात भिजवायचं, तळाला बसेल ते घ्यायचं, तरंगेल ते बहुधा पोचट. नखाएवढ्या खोलीवर पेरायचं. पुणे-नाशिकच्या बाजूला पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात पेरलं की दोन-तीन आठवड्यांत वर येतं.

वर आलं आणि आडवं पडलं

उगवताना देठाच्या डोक्यावर बियांच्या टरफलाची टोपी असते. आत हिरव्या सुयांची छत्री मिटलेली दिसते आणि हात शिवशिवतो. ती टोपी ओढू नका. ओढली की छत्रीचं टोक तुटतं आणि रोप खुरटतं. ती आपणहून पडते, त्याआधी पक्ष्यांनी ओढली नाही तर. चिमण्या आणि साळुंख्यांना हे बी फार आवडतं, तेव्हा पहिले पंधरा दिवस वर बारीक तारेची जाळी हवी. सावली देणारी नव्हे, नुसती तारेची.

आता खरी मर. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं झालेलं दिसतं. वाकून बघा, मातीच्या पातळीवर देठ सुतासारखा बारीक, तपकिरी, पाणचट झालेला असतो. वरच्या सुया अजून हिरव्याच असतात, त्यामुळे आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी पाणी घालतो. शेजारची चारही जातात. मिरची-टोमॅटोच्या गादीवाफ्यात रोपं कोलमडतात तोच हा रोग, त्याच कुळातल्या बुरश्या. पडलेलं रोप वाचत नाही. उरलेल्यांसाठी करायचं एवढंच: पाणी थांबवा, ट्रे उन्हात आणि वाऱ्यात न्या, मातीवर बोटभर कोरडी जाड वाळू पसरा. पुढच्या वेळी पेरणीच्या मिश्रणात शेणखत, गांडूळखत, कोकोपीट काही घालू नका. नुसती धुतलेली जाड वाळू आणि थोडी लाल माती. पहिले दोन महिने बी स्वतःची शिदोरी घेऊन आलेलं असतं, त्याला आपलं जेवण नको असतं.

सुया एकेकट्या आणि निळसर आल्या

हा आजार नाही. चीडच्या रोपाला पहिल्या वर्षी झुपके येत नाहीत. एकेकटी, आखूड, राखाडी-निळसर पानं येतात. तीन-तीन सुयांचे झुपके नंतर फुटतात. याच काळात वरची वाढ थांबल्यासारखी वाटते, कारण तो खाली सोटमूळ सोडत असतो. या दिवसांत मी एका रोपाला युरिया दिला होता. तेही गेलं.

पाचव्या-सहाव्या महिन्यात पिवळं पडून अडकलं

ही सगळ्यात फसवी अवस्था. रोप मरत नाही, वाढतही नाही. सुया पिवळट, टोकांना जांभळट. खत दिलं तरी तसंच, पाणी कमी-जास्त करून पाहिलं तरी तसंच. आणि मग पहिल्या जोराच्या पावसात जातं. दोष पावसाला लागतो, पण रोप आधीच उपाशी असतं.

पाइनची मुळं एकट्यानं जेवत नाहीत. त्यांच्या टोकांवर विशिष्ट बुरशीचं आवरण असतं, ती बुरशी मातीत दूरवर धागे पसरते आणि फॉस्फरस, पाणी मुळाला आणून देते. बदल्यात झाड तिला साखर देतं. हिमालयातल्या चीडच्या जंगलात ही बुरशी मातीतच असते, त्यामुळे तिथे कोणाला पत्ताही लागत नाही. आपल्या गच्चीवरच्या मातीत ती नसते. जिथे पाइन मुळात नव्हते अशा देशांत लागवड सुरू झाली तेव्हाही हेच झालं होतं. रोपं पिवळी पडून खुरटली, आणि जुन्या पाइनखालची माती थोडी मिसळल्यावर हिरवी झाली.

इथे एक पैशाचा खड्डा आहे, मी त्यात पडून आलोय. कृषी सेवा केंद्रात 'मायकोरायझा' किंवा 'व्हॅम' म्हणून पुडी मिळते. ती ऊस, डाळिंब, भाजीपाल्याला चालते. पाइनला नाही. त्या पुडीतली बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरणाऱ्या गटातली, पाइनला लागते ती मुळावर बाहेरून म्यान चढवणारी. पुडीवर 'सर्व झाडांसाठी' लिहिलेलं असलं तरी.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करायला हवा. रोप पहाडी नर्सरीतून पिशवीतल्या मूळ मातीसकट घ्या आणि ती माती झटकू नका. प्रवासात ओझं नको म्हणून मुळं धुऊन फडक्यात गुंडाळतात ना, तिथेच त्याचं नशीब ठरतं. बी पेरलेलं असेल तर अशा एखाद्या निरोगी पिशवीतली मूठभर माती मुळांच्या जवळ मिसळा. काम झालंय की नाही ते सहा महिन्यांनी कळतं. कुंडीच्या कडेला माती हलकेच उकरा. बारीक मुळांची टोकं बेचक्यासारखी दुभंगलेली आणि त्यांवर पांढुरकी लव दिसली, अळंबीसारखा वास आला, तर निर्धास्त व्हा. ही लव म्हणजे रोग समजून तिच्यावर बुरशीनाशक ओतणाऱ्या एका मित्राला मी फोनवर वेळेत थांबवू शकलो नाही.

आणि मग पावसाळा

ऊन दिलं, बुरशी आहे, तरीही जुलै-ऑगस्टमध्ये रोप गेलं तर कारण बहुतेक वेळा कुंडीच्या तळाशी सापडतं. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुमाऊंतल्या चीडच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त पडतो. म्हणजे पाऊस त्याला नवा नाही, साचलेलं पाणी नवं आहे. तिथे तो दगडगोट्यांच्या उतारावर उभा असतो, पाणी येतं आणि जातं. आपण त्याला काळ्या मातीत लावतो. ती पावसात फुगते, कुंडीचं भोक लिंपून टाकते, आणि मुळं महिनाभर गारठलेल्या चिखलात बुडून बसतात. सुया मलूल होतात, खालून वर तपकिरी होत जातात. उपटलं तर मुळाची साल मोज्यासारखी निसटून हातात येते.

माझं सध्याचं मिश्रण असं: दोन भाग मुरूम, एक भाग जाड वाळू, एक भाग लाल माती. मुरमात पांढरे चुनखडीचे खडे दिसले तर तो घेऊ नका. चीडला आंबूस, म्हणजे आम्लधर्मी, माती मानवते, चुनखडीत नवी पालवी फिकट पडते. कुंडी पसरट नको, उंच हवी, सोटमुळासाठी. खाली ताटली अजिबात नको, दोन विटांवर उचलून ठेवा. लावल्यावर तपासणी अशी: मगभर पाणी एकदम ओता आणि वीस आकडे मोजा. तोवर तळातून धार लागली नाही तर पावसाळ्याआधी मिश्रण बदला. मी हे जूनच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी करतो, कारण माती दबत जाते आणि मागच्या वर्षी पास झालेली कुंडी यंदा नापास होते.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. बोअरचं जड पाणी सतत दिलं तर चुनखडीसारखाच परिणाम होतो, म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जायला नको म्हणून झाडांना घालायची सवय पसरली आहे. ते मूळ पाण्यापेक्षा जास्त खारं असतं, चीडला तरी घालू नका.

उन्हाळ्यात जुन्या, आतल्या सुया तपकिरी होऊन गळल्या तर घाबरायचं कारण नाही. जंगलातही तो याच दिवसांत सुया टाकतो. टोकाचा कोंब हिरवा आहे एवढं बघायचं.

कुठे लावू नये

रोप कमरेएवढं झालं की लोकांना गावाकडचा डोंगर आठवतो. तिथे लावू नका. जंगलात हा ३० मीटरच्या वर जाणारा वृक्ष आहे, आणि उत्तराखंडात त्याच्या गळलेल्या सुयांचा, तिथल्या भाषेत पिरूलचा, जो थर साचतो तो उन्हाळ्यात रॉकेल शिंपडल्यासारखा पेटतो. सुयांत आणि लाकडात राळ असते, लीसा म्हणतात तिला तिकडे, त्यातूनच टर्पेंटाइन निघतं. २०२४ च्या उन्हाळ्यात नैनीतालच्या बाजूला आग विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टर आणावी लागली. मोठ्या चीडची जाड, भेगाळ साल त्याला वाचवते. लहान रोप जळालं तरी पुष्कळदा बुडातून पुन्हा फुटतं. आजूबाजूच्या झाडाझुडपांचं तसं नाही. आपले सह्याद्रीचे गवताळ उतार मार्च-एप्रिलमध्ये आधीच वणव्यांनी हैराण असतात, तिथे वर पिरूल नको. स्वतःच्या कुंपणाच्या आत, घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब, निचऱ्याच्या जागेत एखादं झाड लावलं तर गोष्ट वेगळी.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात असाल तर मी म्हणेन सुरू लावा. चीडला कोरडी थंडी आणि कोरडा उन्हाळा मिळाला की तो पावसाळा सोसतो. तिथे बारा महिने दमटपणा असतो.

माझं रोप आता गुडघ्याच्या थोडं वर आहे. गेल्या मार्चमध्ये टोकाला फिकट हिरवी, मेणबत्तीसारखी सरळ कांडी आली, चिकट, हाताला राळेचा वास लागेल अशी. महिनाभरानं तिच्यातून तीन-तीन सुयांचे झुपके सुटले. सध्या त्याला आठवड्यातून दोनदा पाणी, खत शून्य. कुंडी अठरा इंची आहे आणि तळातून सोटमुळाचं टोक डोकावू लागलंय, तेव्हा पाऊस सरला की ते जमिनीत जाईल. जागा भावाच्या शेतावर पाहून ठेवली आहे, मुरमाड, दक्षिणेकडे उतार असलेली.